माझ्याच सहीचे समजपत्र

नोकरीतली बरीच प्रकरणे आता पुसट झाली आहेत. आरोपींचे चेहरे सोडाच, काही खटल्यांचे निकालही आठवत नाहीत. सोलापुरातले हे एक प्रकरण मात्र मनातून जात नाही, कारण त्यात मुद्देमाल म्हणून जप्त झालेला एक कागद माझ्या सहीचा होता. कोणाचेही नाव घेणार नाही. स्वतःला मात्र वगळणार नाही.

मी तेव्हा शहराच्या पूर्व भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. वस्ती विणकरांची. दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट आणि दारोदारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, बाजारात दखनी. ही माणसे ठाण्याची पायरी सहसा चढत नाहीत. चढली तर समजावे की बाकी सगळे दरवाजे ठोठावून झाले आहेत. हे मला माहीत होते, तरीही मी चुकलो.

सोमवारी सकाळी ठाण्यात अर्जदारांची रांग असते. शनिवार-रविवारची भांडणे, हरवलेले मोबाइल, भाडेकरू-मालकांचे वाद. त्या रांगेत पन्नाशीची एक बाई होती. अर्ज कोणाकडून तरी लिहून आणलेला. तिच्या नवऱ्याने राहते घर तारण ठेवून दोन यंत्रमाग घेतले होते. टॉवेलचा धंदा बसला, हप्ते थकले, आणि कर्ज देणाऱ्या कंपनीने घराचा ताबा घेऊन ते लिलावात विकले. नवरा-बायको दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत गेले. आता एक वसुलीवाला त्या खोलीवर येऊ लागला होता. घर विकून कर्ज फिटले नाही, बाकी तुम्हालाच भरावी लागेल, असे त्याचे म्हणणे. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. दारात उभा राहून तो फक्त मोठ्याने बोलायचा, चार घरांना ऐकू जाईल असे.

"घर गेलं साहेब," ती म्हणाली. "आता अजून काय द्यायचं ते तुमी सांगा की."

मी अर्जावर नजर फिरवली. कर्ज, हप्ता, लिलाव हे शब्द दिसले आणि माझे वाचन तिथेच संपले. आमच्या खात्यात एक फार सोयीचा शब्द आहे, 'दिवाणी'. तो उच्चारला की पोलिसाचे काम संपते. त्यासाठी छापील समजपत्र तयारच असते: सदर तक्रार दिवाणी स्वरूपाची असून आपण सक्षम न्यायालयात दाद मागावी. वर नाव भरायचे, खाली सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. मी सही केली. माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर फायली होत्या, दुसरी रिकामी होती. ती बाई शेवटपर्यंत उभी होती.

"ह्यानं तो यायचा थांबंल का?"

"कोर्टात जा बाई," मी म्हणालो आणि पुढच्या अर्जदाराला हाक मारली.

तिने तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. पोलिसांनी काहीतरी लिहून दिले, म्हणजे आपल्या बाजूनेच दिले असणार, असे तिला वाटले असावे. मला हसू आले होते, हेही सांगून टाकतो.

तीन महिन्यांनी तीच बाई पुन्हा आली, ती नवरा हरवल्याची नोंद करायला. आता तो दुसऱ्याच्या मागावर मजुरीला जात असे. त्या मागाचा, आडवा धागा नेणारा धोटा दुरुस्त करून आणतो म्हणून तो सकाळी बाहेर पडला होता, त्याला चार दिवस झाले होते. मोबाइल घरीच, डबा घरीच. मी तिला ओळखले नाही. तिने मला ओळखले असणार.

मिसिंग दाखल झाली की ठरलेली कामे सुरू होतात. नियंत्रण कक्षाला वर्णन कळवले, सिव्हिल हॉस्पिटल, रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड तपासले. तलावाच्या काठीही माणसे पाठवली. तिथे माणसे का पाठवतात ते त्या बाईला न सांगताच कळले. त्या दिवसापासून ती रोज ठाण्याबाहेरच्या कडुनिंबाखाली येऊन बसू लागली. विड्यांचा पाला आणि सूप सोबत आणायची. हात चालू, नजर फाटकाकडे. कुठे बेवारस प्रेत मिळाल्याचा वायरलेस आला की आमची गाडी निघायची आणि तिचे हात थांबायचे. गाडी रिकामी परतली की पुन्हा चालू व्हायचे.

आमच्या महिला शिपायाला तेलुगू येत होते. तिने बाईचा सविस्तर जबाब घेतला. नवरा जायच्या आदल्या संध्याकाळी वसुलीवाल्याने त्याला एक कागद दाखवला होता, 'पोलिसांचा हुकूम' म्हणून. दोघांनाही मराठी वाचता येत नव्हते. शिक्का मात्र ओळखता येत होता.

"कुठल्या ठाण्याचा शिक्का?" मी विचारले.

शिपाई म्हणाली, "सांगत नाहीत सर. विचारलं की खाली बघतात."

दोनच दिवसांनी माझा एक खबरी भेटला. हा माणूस माग दुरुस्त करणारा जॉबर. रोज दहा घरांत त्याची ऊठबस, त्यामुळे वस्तीतली कुठलीही गोष्ट त्याच्यापासून लपत नसे. चहा पिता पिता तो म्हणाला, "साहेब, रागावू नका. तुमच्या नावावर एक जण वसुली करतोय. तुमचा कागद दाखवतो म्हणे."

"माझा?"

"तुमच्याच ठाण्याचा. ज्यांची घरं लिलावात गेली, त्यांनाच बरोबर गाठतो. बायका विड्या द्यायला कारखान्यात जातात की नाही, तवा फाटकावर उभा राहतो. हातात पैसे पडायचा टाइम त्याला पाठ हाय."

माझे डोके फिरले. कोणीतरी माझा शिक्का बनवून घेतला, माझी खोटी सही मारली, अशीच माझी समजूत झाली. दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन, साध्या कपड्यांत आम्ही त्या फाटकासमोर थांबलो. दुपारी बाया रिकाम्या टोपल्या घेऊन बाहेर पडू लागल्या, तसा तो समोरच्या पानटपरीवरून उठला. एका म्हाताऱ्या बाईने पदराची गाठ सोडली. त्याने पावतीपुस्तक काढले. तेवढ्यात हवालदाराने त्याचा हात धरला.

पंचेचाळिशीतला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने. बोलणे अतिशय अदबीचे. माझा अनुभव असा की घाबरलेला गुन्हेगार आधी आवाज चढवतो आणि मुरलेला गुन्हेगार आधी कागद काढतो. हा कागद काढणारा होता.

"मी अधिकृत वसुली प्रतिनिधी आहे, साहेब. हे माझं पत्र."

पत्र होते खरे, पण मुदत संपलेले. कंपनीला फोन केला. वर्षभरापूर्वीच त्याला कामावरून काढले होते. मग तो कोणासाठी वसुली करत होता? या प्रश्नावर त्याने पहिल्यांदा पाणी मागितले. पावतीपुस्तकावर कंपनीचे नाव होते, पण ते त्याने एका छापखान्यातून स्वतःच छापून घेतले होते. लिलाव झालेल्या घरांची यादी त्याच्याकडे जुन्या कामातली शिल्लक होती. घर गमावलेला माणूस आणखी बाकी आहे का हे विचारायला परत जात नाही, हे त्याला अनुभवाने कळले होते.

"त्या विणकराला तू काय सांगितलंस?"

"मी कुणाला जा म्हणालो नाही, साहेब. एवढंच म्हणालो की कर्ज तुमच्या नावावर आहे, पोलीस तुम्हाला उचलतील. तुम्ही सापडला नाहीत तर बाईंना कोण काय करणार."

हे त्याने असे सांगितले, जणू त्या माणसाच्या भल्याचाच सल्ला दिला होता. मला हात उचलावासा वाटला. उचलला नाही. त्याचे श्रेय माझ्या संयमाला नाही, पुढच्या पाच मिनिटांत जे झाले त्याला आहे.

मी त्याच्या बॅगेची झडती पंचांसमोर घ्यायला लावली. मुदत संपलेले पत्र, पावतीपुस्तक, यादी. चौथी वस्तू प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद होता. वरचे नाव पांढऱ्या पट्टीने झाकलेले. खाली गोल शिक्का, जावक क्रमांक आणि सही. बनावट काहीच नव्हते. सही माझी होती. पट्टी सोलली तर खाली त्या बाईचे नाव होते.

"हे तुमचंच पत्र आहे, साहेब," तो अदबीने म्हणाला. "फाइलला लावतो म्हणून बाईंकडून घेतलं. यात मी एक अक्षर बदललेलं नाही."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराचे पेन थांबले. त्याने माझ्याकडे पाहिले, मग पंचांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तो जुना माणूस होता. न बोलता विचारत होता की ही वस्तू धरायची की राहू द्यायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ. एक कागद बाजूला सरकवला असता तर गुन्हा तसाच उभा राहिला असता, आणि माझी सहीही झाकली गेली असती. पण मग त्या विणकराला नेमके कशाने घाबरवले, ते कोर्टाला कधीच कळले नसते.

"लिही," मी म्हणालो. "अनुक्रमांक चार. या ठाण्याचे समजपत्र, प्रभारी अधिकाऱ्याच्या सहीचे."

त्याने लिहिले. मी वाचले आणि खाली सही केली. त्याच दिवशी वरिष्ठांना अहवाल पाठवला आणि साक्षीदारांच्या यादीत स्वतःचे नाव घातले.

फसवणूक, खंडणी आणि बनावट पावत्यांचा गुन्हा दाखल झाला. आता खरा प्रश्न होता की त्या कुटुंबाकडे खरोखर काही बाकी होते का. सरकारी वकिलांना विचारले. ते म्हणाले, "अहो, घर विकलं म्हणजे हिशेब संपला असं नाही. पण तो दोन्ही बाजूंनी संपलेला नसतो. विक्रीतून कमी पैसे आले तर कंपनीनं न्यायाधिकरणात किंवा कोर्टात जाऊन मागायचे, दारात उभं राहून नाही. आणि जास्त आले तर उरलेले घरमालकाचे. ते तिनं परत केलेच पाहिजेत. लिलावाचा हिशेब मागायचा हक्क आधी वापरायला सांगा त्यांना."

हे मला माहीत नव्हते. इतकी वर्षे मी लोकांना 'कोर्टात जा' म्हणून सांगत आलो, पण कोर्टात काय मागायचे ते मला स्वतःला ठाऊक नव्हते.

आम्ही कंपनीच्या शाखेत लेखी पत्र दिले. व्यवस्थापकाने खाते उघडून दाखवले. घर मोक्याच्या जागी होते, लिलावात चढाओढ झाली होती. कर्ज, व्याज, खर्च सगळे वळते होऊन वर रक्कम उरली होती. ती त्या नवरा-बायकोची होती. ते दोघे महिनोन् महिने त्या वसुलीवाल्याकडे एका संपलेल्या कर्जाचे हप्ते भरत होते.

"मग कळवलं का नाही?"

त्याने फाइलमधून तीन लिफाफे काढले. तिन्ही भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने गेलेले, तिन्ही न फोडता परत आलेले. प्रत्येकावर पोस्टमनचा शेरा, 'घेण्यास नकार'.

वस्तीत ही समजूत पक्की होती. रजिस्टरवर सही केली म्हणजे कर्ज कबूल केले. सही नाही केली तर कागद आपल्याला लागू होत नाही. घर जप्तीची पहिली नोटीस आली तेव्हा मागावरच्या जाणत्यांनी विणकराला हाच सल्ला दिला होता. त्याने नोटीस परत पाठवली. तिथेच त्याचे अर्धे हक्क गेले, कारण नोटिशीला लेखी हरकत घेता येते, ताब्याविरुद्ध मुदतीत दाद मागता येते. सही न करता परत पाठवलेला कागदही कायद्याने पोहोचलाच असे धरतात, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याच सवयीने त्याने शेवटची तीन पत्रेही परत पाठवली. त्यांत त्याचेच पैसे घेऊन जा असे लिहिले होते.

"आम्ही नियमाप्रमाणे पाठवली," व्यवस्थापक म्हणाला.

मी त्याला सुनावणार होतो. पण समजपत्र मीही नियमाप्रमाणेच दिले होते. 

सगळे उलगडले, फक्त माणूस सापडत नव्हता. तिसरा आठवडा लागला होता. मी एकदा कडुनिंबाखाली जाऊन बाईंना विचारले, "त्यांना मागाशिवाय दुसरं काय येतं?"

"काय बी येत न्हाय," त्या म्हणाल्या. "लहानपणापासनं धागाच. तुटलेला धागा असा जोडत्यात की बोट फिरवलं तरी कळत न्हाय गाठ कुटं हाय. दुसरं काम दिलं तर हात थरथरत्यात."

पंचनामा लिहिणारा तोच हवालदार शेजारी उभा होता. त्याचे गाव उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी. सुट्टीवरून परतला तो सरळ माझ्या केबिनमध्ये आला.

"सर, आमच्याकडं मासेमारीवाल्यांत एक परका माणूस आलाय. जाळी शिवून देतो. त्याची गाठ बघायला लोकं जमत्यात, कुटं शिकला म्हणून. बोलत न्हाय लई. मोजताना मात्र तेलुगूत मोजतो."

मला गाठीतले काही कळत नाही. हवालदाराला कळत होते, कारण त्याचे चुलते जाळी विणत. तो म्हणाला, जाळ्याची गाठ आणि मागावरच्या धाग्याची गाठ एकच.

सकाळी निघालो. बाई मागच्या सीटवर महिला शिपायाजवळ. टेंभुर्णीच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर आडवे येत होते, वेळ जात होता. बाईंनी वाटेत एकदाही विचारले नाही की अजून किती लांब. केळीच्या बागांमधून गाडी पाण्यापर्यंत गेली. काठावर मोटारींचे पाइप पसरले होते आणि त्यांच्या पलीकडे, एका उलट्या होडीला टेकून, जाळे पायाच्या अंगठ्यात अडकवून एक बारीकसा माणूस बसला होता. त्याने जीप पाहिली. पळाला नाही. हातातली गाठ पुरी केली, दोर तोडला, आणि उठून माझ्यासमोर दोन्ही मनगटे जोडून धरली, बेड्या घालायला सोपे जावे म्हणून.

"चला साहेब," तो म्हणाला. "तिला काय करू नका. कर्ज माझ्या नावावर हाय."

मी म्हणालो, "कर्ज फिटलंय. लिलावातच फिटलंय. तुमचेच पैसे उरलेत तिकडं."

त्याचा विश्वास बसला नाही. पोलीस नेण्यासाठी असे गोड बोलतात, असे त्याला वाटले असणार. मग बाई गाडीतून उतरल्या. त्या त्याला तेलुगूत काहीतरी म्हणाल्या, चारच शब्द. महिला शिपाई दुसरीकडे बघू लागली. तिने नंतर मला सांगितले. बाई म्हणाल्या होत्या, 'मी रोज ठाण्यापाशी बसले होते.' तो माणूस तिथेच काठावर खाली बसला आणि रडला. मीही पाण्याकडे पाहत उभा राहिलो. माझेही डोळे कोरडे नव्हते.

कंपनीने उरलेली रक्कम दिली, पण ती लेखी अर्ज आणि सरकारी वकिलांची दोन पत्रे गेल्यावर. घर काही परत मिळाले नाही, ते कोणी तरी रीतसर विकत घेतले होते. वसुलीवाल्याला पुढे शिक्षा झाली. खटल्यात बचाव पक्षाच्या वकिलाने मला विचारले, 'ही सही आपलीच ना?' मी 'होय' म्हणालो. अर्ज पूर्ण वाचला होता का, या प्रश्नाला 'नाही' म्हणालो. कोर्टात इतके लहान उत्तर मी कधी दिले नव्हते.

माणसाचे घर गेले तरी त्याचे हक्क घराबरोबर जात नाहीत, एवढे या प्रकरणाने मला शिकवले. लिलावाचा हिशेब मागा. दारात येणाऱ्याचे चालू मुदतीचे पत्र आणि ओळखपत्र मागा. धमकी दिली तर तो फौजदारी गुन्हा आहे, आणि कोणी पोलीस 'दिवाणी बाब आहे' म्हणाला तर त्याला अर्ज पुन्हा वाचायला लावा. रजिस्टर आले तर सही करून घ्या. सही म्हणजे कबुली नाही, फक्त पोच. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण, तुम्ही पायरी चढू नये असे ज्यांना वाटते, त्यांच्याच फायद्याची आहे.

निकालानंतर ते नवरा-बायको ठाण्यात आले होते. भाड्याच्या खोलीत एक जुना माग घातला होता, त्यावरचा पहिला टॉवेल मला द्यायला आणला होता. भेट घेता येत नाही म्हणून मी तो परत दिला, आणि समोरची खुर्ची पुढे ओढून म्हणालो, "बसा."

बाई लगेच बसल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "साहेब, राग मानू नका. त्या सोमवारी तुमी एवढं जरी म्हणला असता, तर मी तुमाला समदं सांगितलं असतं की."

मग त्या बसल्या. मी उभाच होतो.